सुजलेल्या सांध्यात ट्रेग पेशी निष्प्रभ का ठरतात?

प्रश्न पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने उंदरांना कोलॅजेन टोचून संधिवात निर्माण केला. पहिल्या टोचणीच्या आदल्या दिवशी ट्रेग पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी, शिरेतून दिल्या तेव्हा आजार बराच सौम्य झाला. पंजे चांगले सुजल्यावर तेवढ्याच पेशी दिल्या, तर जवळपास काहीच फरक पडला नाही. ती विचारते: "ट्रेग संधिवात आवरतात असं सगळीकडे लिहिलेलं आहे, मग माझ्या उंदरांत का नाही आवरला? आणि मास्ट पेशी (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या) संधिवाताला लागतात की नाही, याबद्दल दोन शोधनिबंध एकमेकांच्या अगदी विरुद्ध सांगतात. त्यातला कोणता खरा मानायचा?"

उंदीर आणि रॅट यांच्या सुजलेल्या पंजांमध्ये माझी वीसेक वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा प्रयोग फसलेला नाही, उलट त्याने तुम्हाला आजाराचा नकाशाच दाखवला आहे. आणि तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. अमुक पेशी संधिवात वाढवते की कमी करते, असं नुसतं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कोणत्या मॉडेलमध्ये (म्हणजे प्राण्यात आजार घडवण्याच्या कोणत्या पद्धतीत), आजाराच्या कितव्या दिवशी आणि शरीरात कुठे, हे तिन्ही जोडून विचारावं लागतं.

आधी तुमचं मॉडेल पाहू. १९७७ मध्ये ट्रेन्टम, टाउन्स आणि कांग यांनी रॅटना कूर्चेतलं टाइप-२ कोलॅजेन टोचलं आणि त्यांचे सांधे सुजले. १९८० मध्ये हेच उंदरांत करून दाखवलं गेलं. डीबीए-१ जातीचे उंदीर वापरतात, कारण त्यांच्या एच-२ क्यू या जनुकीय ठेवणीमुळे कोलॅजेनचे तुकडे टी पेशींसमोर नीट मांडले जातात. गाईचं किंवा कोंबडीचं कोलॅजेन सौम्य ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर थंडीत विरघळवायचं, मेलेले क्षयजंतू असलेल्या फ्रॉइंड्स ॲडज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात, घोटायचं आणि शेपटीच्या बुडाशी कातडीत टोचायचं. एकविसाव्या दिवशी दुसरी टोचणी. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पंजे सुजू लागतात.

हे वाचताना सोपं वाटतं, पण या मॉडेलचे अर्धे घोळ पेशींमुळे नसून हातामुळे होतात. माझ्या सुरुवातीच्या एका तुकडीत दहापैकी जेमतेम तीन उंदीर आजारी पडले. आठवडाभर मी जनुकं, खाद्य, पाणी सगळं तपासत बसले. चूक इमल्शनची निघाली. दोन सिरिंज जोडून मिश्रण पुढे-मागे करताना मी घाई केली होती आणि ते कोमट होऊ दिलं होतं. तेव्हापासून एक थेंब थंड पाण्यावर सोडून पाहिल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. थेंब मोत्यासारखा गोल राहिला तर टोचायचं, पसरला तर पुन्हा घोटायचं. दुसरी गोष्ट नरांची. डीबीए-१ चे नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात, आणि चावा लागलेला पंजा अगदी संधिवातासारखाच सुजतो. सुजेचे गुण देताना बोटांच्या मधल्या बेचक्यांत दातांच्या खुणा आहेत का, हे बघायची सवय लावून घ्या. आणि सूज चढू लागली की खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, पाण्याची नळी लांब बसवा. दुखऱ्या पायांवर उभं राहून त्या जिवाला वरचं खाद्य कुरतडता येत नाही, आणि उपासमारीने स्टिरॉइड वाढली की तुमच्या पेशींचा हिशेबही बिघडतो. काळजी घेणं आणि चांगला विदा मिळवणं या इथे वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता दिवसांकडे या. पहिले तीन आठवडे उंदीर ठणठणीत दिसतो, पण लसिका ग्रंथींमध्ये मोठी उलथापालथ चालू असते. टी पेशींना परके तुकडे दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी कोलॅजेन घेऊन ग्रंथीत पोचतात, सीडी-४ टी पेशी (मदतनीस टी पेशी) जाग्या होतात, त्या बी पेशींना मदत करतात आणि कोलॅजेनविरोधी प्रतिपिंडं तयार होतात. सांध्यात तेव्हा पाहण्यासारखं काही नसतं. नंतर ही प्रतिपिंडं कूर्चेवर जाऊन चिकटतात, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनांची साखळी पेटते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मग सूज. म्हणजे एकाच आजाराचे दोन अंक आहेत: पहिला ग्रंथीत, दुसरा सांध्यात. सीडी-४ पेशी आधीच काढून टाकल्या तर आजार होत नाही, आणि सूज आल्यावर काढल्या तर फारसा उपयोग होत नाही, हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. बी पेशी नसलेल्या उंदरांत तर हा संधिवात होतच नाही. तुम्ही टोचणीच्या आदल्या दिवशी दिलेल्या ट्रेगना पहिला अंक अख्खा मिळाला. नंतर दिलेल्यांच्या वाट्याला दुसरा अंक आला. तोवर प्रतिपिंडं रक्तात फिरत होती आणि ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी कुणाच्या परवानगीची वाट बघत नव्हत्या.

या दोन अंकांना वेगळं करून पाहायचं असेल तर के-बी-एक्स-एन उंदीर समजून घ्या. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला बेन्वा आणि मॅथिस यांच्या प्रयोगशाळेत तो योगायोगाने हाती लागला. केआरएन नावाचा टी पेशी ग्राहक (रिसेप्टर) असलेल्या उंदरांचा संकर मधुमेही एनओडी उंदरांशी केला, तर पिल्लांना काही आठवड्यांतच आपोआप संधिवात झाला. पुढे कळलं की त्यांची प्रतिपिंडं ग्लुकोज-६-फॉस्फेट आयसोमरेज या विकराविरुद्ध असतात. हा विकर शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, मग मार फक्त सांध्यांनाच का? कारण तो कूर्चेच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, आणि पेशींना कॉम्प्लिमेंटपासून वाचवणारी प्रथिनं कूर्चेवर नसतात. मला हे उत्तर आजही विलक्षण वाटतं. सगळ्या अंगाला लागू असलेला दोष एकाच जागी भोवतो, कारण संरक्षण नेमकं तिथेच तोकडं असतं.

याच उंदरांचा सीरम, म्हणजे प्रतिपिंडं असलेला रक्तातला द्रव, निरोगी उंदराला टोचला की दोन-चार दिवसांत घोटे सुजतात. टी आणि बी पेशी मुळातच नसलेल्या उंदरालाही हे होतं. म्हणजे हा निव्वळ दुसरा अंक. इथे कोण लागतं हे एकेक पेशी काढून पाहता येतं. न्यूट्रोफिल काढले की सूज येत नाही. प्रतिपिंडाची शेपटी पकडणारे एफसी ग्राहक आणि कॉम्प्लिमेंटचा सी-५ घटकही लागतो. उलट एफसी-गॅमा-आर-२बी हा ग्राहक लगाम ओढतो. तो नसेल तर कोलॅजेनच्या मॉडेलमध्ये एरवी दाद न देणाऱ्या जातीचे उंदीरही आजारी पडतात. नियंत्रण म्हटलं की आपल्याला लगेच ट्रेग आठवतात, पण न्यूट्रोफिलच्या किंवा मॅक्रोफेजच्या (भक्षक पेशीच्या) अंगावरचा एक ग्राहकही तेवढंच नियंत्रण करू शकतो, हे विसरू नका.

तुमचा मास्ट पेशींचा प्रश्न इथेच सुटतो. २००२ मध्ये असं प्रसिद्ध झालं की मास्ट पेशी नसलेल्या डब्ल्यू-डब्ल्यूव्ही उंदरांना हा सीरम दिला तर संधिवात होत नाही, आणि मास्ट पेशी परत बसवल्या की होतो. प्रयोग सुबक होता आणि कित्येक वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना तो शिकवत होतो. पण या उंदरांत ज्या जनुकात दोष असतो, ते किट जनुक फक्त मास्ट पेशींचं नाही. त्यामुळे त्यांच्यात न्यूट्रोफिलही कमी असतात. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने वेगळ्या पद्धतीने, किट जनुकाला हात न लावता, मास्ट पेशी नसलेले उंदीर तयार केले. त्यांना सीरम दिला तर संधिवात व्यवस्थित झाला. म्हणून माझं मत विचाराल तर सीरमच्या मॉडेलमध्ये मास्ट पेशी अपरिहार्य नाहीत. आयएल-१ हा दाह वाढवणारा संदेशरेणू स्रवून त्या सुरुवातीला हातभार लावत असतील, पण त्यांच्यावाचून आजार अडत नाही. पहिल्या गटाने खोटं लिहिलं नव्हतं, त्यांच्या उंदरात एकापेक्षा जास्त गोष्टींची उणीव होती. शोधनिबंध वाचताना निष्कर्षाच्या आधी त्या उंदराची वंशावळ वाचा.

आता ट्रेगकडे वळू. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी सीडी-२५ हा पृष्ठभागावरचा रेणू धारण करणाऱ्या टी पेशी काढून टाकल्या की उंदराच्या अनेक अवयवांवर स्वतःच्याच पेशी हल्ला करतात, हे दाखवलं. २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी स्कर्फी या, प्रतिकारशक्ती बेलगाम झालेल्या, उंदरातला दोष फॉक्सपी३ जनुकात असल्याचं शोधलं, आणि २००३ मध्ये हे दोन धागे एकत्र आले: फॉक्सपी३ हेच ट्रेग घडवणारं जनुक निघालं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कोलॅजेनच्या मॉडेलमध्ये टोचणीआधी सीडी-२५ पेशी काढल्या की आजार भडकतो, हेही २००३ मध्येच दिसलं.

या पेशी काम कसं करतात, त्यावर तुमच्या निकालाचा अर्थ अवलंबून आहे. त्यांच्या अंगावरचा सीटीएलए-४ हा रेणू डेंड्रायटिक पेशीवरचे सीडी-८० आणि सीडी-८६ हे रेणू अक्षरशः ओरबाडून घेतो, त्यामुळे नव्या टी पेशींना जागं करणारा दुसरा इशाराच मिळत नाही. शिवाय त्यांचा सीडी-२५ भोवतालचं आयएल-२, म्हणजे टी पेशींना वाढवणारा रेणू, शोषून घेतो. आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे दाह शमवणारे रेणू त्या सोडतात ते वेगळंच. यातली पहिली दोन हत्यारं प्रामुख्याने ग्रंथीत, पहिल्या अंकात चालणारी आहेत. सीटीएलए-४ कितीही असलं तरी कूर्चेला चिकटलेलं प्रतिपिंड आणि त्याकडे धावणारा न्यूट्रोफिल त्याला जुमानत नाहीत.

तरीही सूज आल्यावर ट्रेग देणं वाया जातं असं म्हणता येत नाही. २००५ मध्ये याच मॉडेलमध्ये आजार सुरू झाल्यावर एकदाच दिलेल्या ट्रेगनी पुढची वाढ मंदावली. त्या पेशी सुजलेल्या सायनोव्हियममध्ये, म्हणजे सांध्याच्या अस्तरात, सापडल्याही. कोलॅजेनविरोधी टी आणि बी पेशींचा प्रतिसाद मात्र जसाच्या तसा होता. याचा अर्थ त्या तिथल्या तिथे, सांध्यातच, काहीतरी करत होत्या. मग तुमच्या उंदरांत का नाही? सूज नुकती चढू लागली तेव्हा देणं आणि पंजे पुरते सुजल्यावर देणं यांत मोठं अंतर आहे. तुमच्या नोंदीनुसार सोळापैकी सरासरी गुण आठच्या पुढे गेल्यावर तुम्ही पेशी दिल्या आहेत.

त्या अवस्थेतला सांधा ट्रेगला मानवणारा नसतो. अस्तरातले फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या पेशी) भरभरून आयएल-६ हा दाहकारक रेणू सोडत असतात. २०१४ मध्ये टोकियोच्या गटाने दाखवलं की फॉक्सपी३ असलेल्या काही पेशी, विशेषतः ज्यांच्यावर सीडी-२५ कमी असतो अशा, संधिवात झालेल्या उंदरात फॉक्सपी३ गमावतात आणि आयएल-१७ हा दाहकारक रेणू सोडणाऱ्या टीएच-१७ पेशी होतात. फायब्रोब्लास्टच्या आयएल-६ मुळे हा बदल होतो, आणि अशा बदललेल्या पेशी हाडं खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टना नेहमीच्या टीएच-१७ पेशींपेक्षाही जास्त चेतवतात. कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. तुम्ही बाहेर वाढवलेल्या पेशी टोचण्याच्या दिवशी किती टक्के फॉक्सपी३ दाखवत होत्या हे तुम्ही तपासलं आहे, पण सांध्यात पोचून आठवडाभराने काय दाखवत होत्या हे तपासलेलं नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे दडलेलं आहे.

आपल्या जवळचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने आयएल-३ वर बरीच वर्षं काम केलं. हा रेणू ऑस्टिओक्लास्ट तयार होऊ देत नाही हे त्यांनी आधी दाखवलं. नंतर, २०११ मध्ये, कोलॅजेनच्या मॉडेलमध्ये आयएल-३ दिल्यावर संधिवात सौम्य होतो आणि फॉक्सपी३ पेशी वाढतात, हे प्रसिद्ध केलं. बाहेरून पेशी घालण्याऐवजी आतल्याच पेशींना बळ देण्याचा हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. हा शोधनिबंध पुन्हा वाचा, आणि वाचताना औषध कोणत्या दिवसापासून दिलं ते पाहा.

बी पेशींबद्दल थोडंच सांगते. प्रतिपिंडं बनवतात म्हणून त्या खलनायक ठरतात, पण क्लाउडिया मॉरी यांनी २००३ मध्ये लंडनहून दाखवलं की सीडी-४० द्वारे चेतवलेल्या, आयएल-१० सोडणाऱ्या बी पेशी दिल्या तर संधिवात टळतो. सगळ्याच बी पेशी सरसकट काढून टाकताना आपण लगामही फेकून देतो, हे त्यानंतर मान्य झालं.

अंतर्ज्ञानाला सगळ्यात मोठा धक्का देणारी दोन उदाहरणं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. पहिलं गॅमा इंटरफेरॉनचं. एके काळी हा संधिवात टीएच-१ या टी पेशींचा, म्हणजे त्या सोडतात त्या गॅमा इंटरफेरॉनचा, असं मानलं जाई. त्याचा ग्राहक नसलेले उंदीर तयार झाले तेव्हा ते वाचतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. १९९७ मध्ये निकाल आला: त्यांना आजार लवकर आणि जास्त तीव्र झाला. दुसरं उदाहरण स्वीडनच्या रिकार्ड होल्मडाल यांच्या गटाचं. जंतू मारण्यासाठी पेशी ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. ते ऊतींना जाळतात, म्हणून ते कमी झाले तर सांधा वाचेल असं कुणालाही वाटेल. रॅटमध्ये संधिवाताची तीव्रता ठरवणारं जनुक शोधत शोधत हा गट २००३ मध्ये एनसीएफ-१ पाशी पोचला. हे जनुक त्याच रेणूंच्या निर्मितीतलं, आणि ज्या रॅटमध्ये हे रेणू कमी बनत होते त्यांनाच संधिवात जास्त होत होता. मॅक्रोफेजने सोडलेले हे रेणू टी पेशींना शांत ठेवतात, हे पुढे उलगडलं. "अँटिऑक्सिडंट घेतले की सांधे बरे" असं कुणी म्हटलं की मला हे रॅट आठवतात.

मॅक्रोफेजच्या बाबतीत तर जागा हेच सर्वस्व आहे. रक्तातून आलेले मॅक्रोफेज टीएनएफ आणि आयएल-१ हे दाहकारक रेणू सोडून आग वाढवतात. पण सांध्याच्या अस्तराच्या अगदी आतल्या कडेला सीएक्स-३-सीआर-१ धारण करणारे मूळ निवासी मॅक्रोफेज असतात. एर्लांगेनच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की ते एकमेकांना घट्ट जोडून भिंतीसारखा पडदा करतात आणि सांध्याची पोकळी झाकतात. सीरम टोचला की हा पडदा विसकटतो, आणि आधीच तो काढून टाकला तर सूज लवकर येते. ऊतीचा पातळ छेद घेताना अस्तराची कड फाटली तर हे काही दिसत नाही, म्हणून गुडघा कापण्यापूर्वी हाडातलं कॅल्शियम काढण्याची घाई करू नका.

हाडांचा मुद्दा यालाच जोडून येतो. तुम्ही फक्त पंजाचे गुण आणि कॅलिपरची मापं पाठवली आहेत. सूज आणि हाडाची झीज या वेगळ्या वाटांनी जातात. १९९९ मध्ये रॅटच्या ॲडज्युव्हंट संधिवातात ऑस्टिओक्लास्ट घडवणारा आरएएनकेएल हा रेणू अडवला, तेव्हा हाड वाचलं, सूज मात्र तशीच राहिली. त्यामुळे तुमच्या उशिरा दिलेल्या ट्रेगनी सूज उतरवली नसली तरी हाडाचं काय झालं हे तुम्हाला आज माहीत नाही. ते सुधारलं असेल किंवा, त्या पेशी बदलल्या असतील तर, बिघडलंही असेल. पंजे फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवले असतील तर मायक्रो-सीटी अजूनही करता येईल.

हे सगळं माणसाच्या आमवाताला, म्हणजे ऱ्हूमटॉइड संधिवाताला, किती लागू पडतं, असं तुमच्या मार्गदर्शक समितीत नक्की विचारतील. लंडनच्या केनेडी संस्थेत १९९२ मध्ये कोलॅजेनच्या उंदरांना, तेही सूज आल्यानंतर, टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं आणि सांधे सुधारले. पुढे त्याच संस्थेतल्या फेल्डमन आणि मैनी यांनी ते रुग्णांपर्यंत नेलं. आज ही इंजेक्शनं घेऊन कामावर जाणारे कितीतरी रुग्ण आपल्या गावांतही आहेत. पण आयएल-१७ नसलेल्या उंदरांत आजार छान दबतो, तरी त्यावरची औषधं आमवातात निराशाजनक ठरली आणि सोरायसिसच्या संधिवातात व मणक्याच्या आजारात उपयोगी पडली. सीडी-४ पेशी कमी करणारी प्रतिपिंडं रुग्णांना दिली, पेशी घटल्या, सांधे मात्र सुधारले नाहीत. उलट सीटीएलए-४ चंच रूप असलेलं अबाटासेप्ट रुग्णांत चालतं. उंदराला आपण आजार ठरलेल्या दिवशी देतो. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं सूज येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात आणि दवाखान्यात तो दुसरा अंक रंगल्यावरच येतो. म्हणून तुमचा उशिराचा गट, जो तुम्हाला अपयश वाटतो, तोच रुग्णाच्या जास्त जवळचा आहे. तो प्रबंधातून वगळू नका.

पुढची तुकडी अशी करा. ट्रेग चार वेळांना द्या: टोचणीच्या आदल्या दिवशी, विसाव्या दिवशी, पहिला पंजा लाल होताच आणि गुण आठवर गेल्यावर. शेवटच्या दोन गटांत प्रत्येक उंदराचा दिवस त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजा, टोचणीपासून नको. दिलेल्या पेशींवर सीडी-४५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची वेगळी खूण असू द्या, म्हणजे सांध्यातून आणि काखेतल्या-जांघेतल्या ग्रंथींतून त्या परत शोधून फॉक्सपी३ आणि आयएल-१७ दोन्ही मोजता येतील. शेवटच्या गटाच्या अर्ध्या उंदरांना आयएल-६ च्या ग्राहकाविरुद्धचं प्रतिपिंड द्या, आणि नुसतं ते प्रतिपिंड मिळालेला एक गट ठेवायला विसरू नका. प्राणी नैतिकता समितीकडे ही वाढीव संख्या आत्ताच मंजुरीला टाका, आणि अर्जात वेदनेची मर्यादा स्पष्ट लिहा: कोणत्या गुणाला आणि किती वजन घटल्यावर उंदराला प्रयोगातून काढायचं. गुण देणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे कळता कामा नये. तुमच्याच हाताने पेशी दिल्या असतील तर पंजे दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या.